पॅराशूटवाल्या जंपर पोरांसाठी: सुट्टीत शेतातल्या गोदामात नेमबाजी कशी सुरू करायची आणि बंदुकीच्या कायद्यावर डोकं शांत ठेवून कसं भांडायचं

दिवाळीत आमच्या शेतावर सात-आठ जण जमतात. मी पॅराचा, म्हणजे फौजेच्या पॅराशूटवाल्या पलटणीचा, आग्र्याला विंग्ज म्हणजे उडीचा बिल्ला घेतलेला, आता पेन्शनवर आणि कपाशी-तुरीत. दोघं अजून नोकरीत आहेत, सुट्टीवर येतात. एक नागपूरचा सिव्हिल जंपर, तो हरियाणात नारनौलला जाऊन उड्या मारतो. आणि माझा भाचा, अमेरिकेत नोकरीला, तिथे शनिवार-रविवार ड्रॉप झोनवरच, म्हणजे उड्या मारायच्या मैदानावरच असतो, त्याच्या दोनशेच्या वर उड्या झाल्या म्हणून तिथलं उडीचं सी लायसन्स मिळालंय त्याला. ही सगळी मंडळी वर्ध्याच्या काठच्या आमच्या गावात आली की दोन दिवस झोपा काढते, तिसऱ्या दिवशी त्यायचे हातपाय शिवशिवाले लागते.

लोकांना वाटतं जंपर म्हणजे सारखा हवेत. खरं म्हणजे आमचं अर्ध आयुष्य वाट पाहण्यात जातं राजेहो. आग्र्याला पहाटे अंधारात पॅराशूट चढवून बसायचं, एएन-32 समोर उभं, आणि वारा वाढला की पूर्ण लॉटच परत. विंग्जसाठी पाच उड्या लागतात, त्यातली एक रात्रीची, पण त्या पाच उड्यांसाठी बसून काढलेले तास मोजले तर विचारू नका. अमेरिकेतही तेच, भाचा सांगतो, ढग आले की सगळे पॅकिंगच्या चटईवर आडवे. मग कोणी पोहतं, कोणी गळ टाकतं, कोणी सायकल हाणतं, आणि खूप जण नेमबाजीकडे वळतात. मला याचं नवल वाटत नाही कारण काम सारखंच आहे, श्वास धरायचा, मनातली गडबड बसू द्यायची, आणि हाताला घाई करू द्यायची नाही.

आम्ही चार वर्षांपूर्वी सुरू केलं. कोणाला आपल्या गावात करायचं असेल तर कसं करावं ते सांगतो. आणि बंदूक आली की कायद्याचा वाद येतोच, आमच्याकडे त्यावरून एकदा दोन भाऊ वर्षभर बोलले नव्हते, म्हणून तो कसा घालायचा तेही सांगतो. ते जास्त महत्त्वाचं आहे असं माझं मत.

आधी जागा

दहा मीटर एअर रायफलला नावाप्रमाणे दहा मीटर लागतात, म्हणजे नेमबाजाच्या उभं राहायच्या रेषेपासून टार्गेटपर्यंत. आमचं सोयाबीनचं गोदाम चौदा मीटर लांब आहे, मागे विटांची भिंत, बाजूला दार नाही. हे बाजूला दार नसणं फार मोठी गोष्ट. गावात माणूस कुठूनही आत शिरतो, पोरं कट्ट्यांमागे लपाछपी खेळतात, कुत्रं येऊन बसतं. उघड्या वावरात अजिबात करू नका. एअर रायफलचा छर्रा दोनशे-तीनशे मीटर सहज जातो आणि पऱ्हाटीत वेचणी करणाऱ्या बाया वाकलेल्या असतात, तुम्हाला दिसत नाहीत.

टार्गेटचा मधला ठिपका जमिनीपासून 1.4 मीटरवर. छापील कार्ड नागपूरला स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतं, दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, म्हणजे बॉलपेनने टेकवल्याएवढा. पहिल्यांदा पाहिलं तर वाटते का हे कोणाले लागत असन बाप्पा. पण लागतो. अभिनव बिंद्राने याच प्रकारात 2008 मध्ये बीजिंगला सुवर्ण घेतलं, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये जगज्जेता झाला. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं ते पन्नास मीटरच्या रायफलमध्ये, तो वेगळा प्रकार, पण सुरुवात बहुतेकांची दहा मीटरपासूनच होते.

टार्गेटच्या मागे छर्रे अडवायला आम्ही लाकडी खोकं केलं, एक हात खोल, आणि त्यात जुन्या साड्या-गोधड्यांच्या चिंध्या ठासून भरल्या. खोक्यामागे बारदान्याचा दुहेरी पडदा. लोखंडी पत्रा लावू नका, टिनावरून छर्रा उलटा येतो, आमच्या एकाच्या भुवईवर आला होता, दोन बोटं खाली असता तर डोळा गेला असता. त्या दिवसापासून चष्मा घातल्याशिवाय रेषेच्या आत कोणी नाही, पाहणाराही नाही.

रायफल कोणती

4.5 मिलिमीटर म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरची, वीस ज्यूल ताकदीच्या आतली एअर रायफल घ्या. 2016 च्या आर्म्स रूल्सप्रमाणे तिला परवाना लागत नाही. विकणारा ओळखपत्र मागेल, बिल द्या म्हणा आणि ते बिल लॅमिनेट करून रायफलसोबत ठेवा, कारण रस्त्यात कोणी हवालदाराने अडवलं तर त्याला ज्यूल समजावत बसण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा. पॉइंट टू टू च्या नादी लागू नका, दुकानदार काहीही सांगो, तिथे परवान्याचा विषय येतो. गाडीवर नेताना कव्हरमध्ये, रिकामी. उघडी खांद्याला लटकवून पारापुढून गेलं की गावात वेगळा अर्थ निघतो.

नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली असेल तर दोन गोष्टी. छर्रा बसवताना नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरायची, सुटली तर बोटं जातात. आणि छर्ऱ्याशिवाय घोडा दाबायचा नाही, आतला पिस्टन खराब होतो. फौजी लोकांना कोरी रायफल चालवून सराव करायची सवय असते, ती इथे सोडावी लागते.

छर्रा शिशाचा असतो. हात साबणाने धुतल्याशिवाय चिवडा-लाडूला हात नाही. आम्ही दाराशीच बादली ठेवली आहे.

आणि एक सांगून ठेवतो, परवाना लागत नाही याचा अर्थ शिकार चालते असा नाही. तितर, ससा, पोपट, काहीही मारलं तरी वन्यजीव कायदा 1972 लागतो. आपल्याकडे ससा मारणं पोरांना गंमत वाटते. गोदामातली रायफल एकदा ससा मारायला बाहेर गेली की तुमचा खेळ संपला, गावही तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

पाठीवरची पिन

उडीच्या आधी विमानात एक काम असतं. आपल्या पाठीवरच्या पॅराशूटची पिन आपल्याला दिसत नाही, म्हणून मागचा माणूस तपासतो, थाप मारून सांगतो ठीक आहे, मग त्याचं त्याच्या मागचा तपासतो. कितीही जुना माणूस असो, हजार उड्यांवाला असो, हे होतंच. अमेरिकेत तर राखीव पॅराशूट दर 180 दिवसांनी लायसन्सवाल्या रिगरकडून उघडून परत घडी करून घ्यावं लागतं, वापरलं असो की नसो, सरकारी नियम आहे. आम्ही हीच पद्धत गोदामात आणली. रायफल हातात घेणाऱ्याची रायफल दुसरा तपासणार, नळी रिकामी आहे का, बोट घोड्याबाहेर आहे का, मागे कोणी आहे का. एक जण रेंज चालवणार, तो त्या दिवशी स्वतः नेम धरत नाही. तो थांबा म्हणाला की थांबायचं, मग तो वयाने लहान का असेना. माझा चौदा वर्षांचा पुतण्या रेंज चालवतो तेव्हा मी त्याचं ऐकतो, आणि त्याला मी ऐकतो हे पाहून गावातली बाकी पोरंही ऐकतात.

दारूचं एकदाच सांगतो. अमेरिकेत ड्रॉप झोनवर शेवटचं विमान उतरेपर्यंत बिअर उघडत नाहीत, कोणाची पहिली काही गोष्ट झाली तर त्याने सगळ्यांना पाजायची अशी रीत आहे तरीही संध्याकाळपर्यंत थांबतात. आपल्याकडे रायफल पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या बायकोकडे, त्यानंतर ज्याला जे करायचं ते करावं.

आता वादाचं

शेकोटी पेटते, अंगणात खाटा पडतात आणि कोणीतरी म्हणतो, शेतकऱ्याले बंदूक द्याले काय होते सरकारले? इथून सुरू. काहून का रानडुकरं रात्री हरभऱ्यात शिरलेली असतात, रोही, म्हणजे नीलगाय, तूर खाऊन गेलेला असतो, आणि जागलीला माणूस टॉर्च आणि फटाके घेऊन बसलेला. राग खरा आहे. मी स्वतः थंडीत धुऱ्यावर रात्री काढल्यात.

तेव्हा पहिलं काम, कोणती बंदूक ते विचारा. आपल्याकडे एअर रायफलही बंदूक, ठासणीचीही बंदूक, बारा बोरही बंदूक, पिस्तूलही बंदूक आणि गडचिरोलीच्या बातम्यांतलीही बंदूक. एक जण ठासणीच्या बंदुकीबद्दल बोलत असतो आणि दुसरा पिस्तूल खोचून फिरणाऱ्या टोळक्याबद्दल, दोघंही तासभर ओरडतात. नाव घ्यायला लावलं की अर्धा आवाज तिथेच बसतो.

दुसरं, कोणता देश. भाचा सांगतो तिकडे ड्रॉप झोनवर हा विषय निघाला की रात्र जाते, कारण तिथे शस्त्र बाळगणं घटनेतला हक्क आहे, 1791 ची दुसरी दुरुस्ती, आणि तो माणसाचा स्वतःचा हक्क आहे असं त्यांच्या सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये म्हटलं. तरी परवानाधारक दुकानातून घेताना फॉर्म भरावा लागतो, मागचं रेकॉर्ड तपासतात, पिस्तुलाला वय एकवीस, आणि राज्याराज्यात कायदा वेगळा. आपल्या घटनेत असा हक्क नाही. कलम 19 मध्ये जमण्याचं स्वातंत्र्य दिलंय तेही शांततेने आणि विनाशस्त्र. आपल्याकडे मुळात इंग्रजांनी 1878 च्या कायद्याने लोकांकडून शस्त्रं काढून घेतली, स्वातंत्र्यानंतर 1959 चा आर्म्स ॲक्ट आला आणि परवान्याची पद्धत राहिली. कर्नाटकातल्या कोडगूच्या (कूर्ग) कोडवा लोकांना मात्र परवान्यातून सूट आहे, ती 2029 पर्यंत वाढवली. म्हणजे जो म्हणतो भारतात सगळ्यांना एकच नियम, त्याला हे सांगा, आणि जो म्हणतो अमेरिकेत काहीच नियम नाही त्याला ते वरचं सांगा.

तिसरं, आमच्याकडचा पक्का नियम, पाठीवरची पिन. समोरच्याला उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं तुम्ही आपल्या तोंडाने सांगायचं आणि त्याने हो, हेच म्हणतो मी, असं म्हटलं तरच तुमची पाळी. आपल्या मताची कोणती क्लिप उघडी आहे ते आपल्याला दिसत नसते, मागच्याला दिसते. हे सुरुवातीला फार जड जातं. ते दोन भाऊ एका वर्षानंतर बोलले ते असंच, मोठ्याने धाकट्याचं म्हणणं सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबला, म्हणाला, मले वाटलं तू वेगळंच म्हनत होता.

सरावाला एक विषय देतो, आपल्याच भागातला. अवनी वाघीण, टी-1. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता, 2 नोव्हेंबर 2018 ला रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली. ज्याच्या घरचं माणूस ढोरं चारायला गेलं आणि आलं नाही, त्याचं म्हणणं जंगलवाल्या मित्राने मांडायचं. आणि रात्री, आधी बेशुद्ध न करता, कोणी कोणत्या अधिकाराने गोळी झाडली हा प्रश्न वावरवाल्याने मांडायचा. आमच्याकडे ही चर्चा पहाटेपर्यंत चालली आणि कोणी कोणाच्या बापावर गेलं नाही.

चौथं, कायदा वाचून दाखवा. मोबाईलवर आहे. फॉरवर्डमध्ये काय आलं ते नको. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुका तीनवरून दोनवर आल्या, परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली, आणि लग्ना-वरातीत हवेत गोळ्या झाडून कोणाच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. विनापरवाना साध्या बंदुकीला पूर्वीपेक्षा शिक्षा वाढली, आता कमीत कमी दोन वर्षं. घरात आजोबाची ठासणीची बंदूक माळ्यावर पडली असेल आणि कागद नसेल तर वकिलाशी बोलून ठाण्यात जमा करा, लपवू नका.

माझं मत विचाराल तर, पीक राखायला मागणाऱ्याला उत्तर वेळेत मिळालं पाहिजे, हो किंवा नाही. पण बंदूक हातात देण्याआधी शिकवणं आणि घरात कुठे ठेवतो ते येऊन पाहणं, हे आजच्यापेक्षा दहापट कडक हवं. माझा फौजी मित्र पहिल्या भागाला मान डोलावतो, भाचा दुसऱ्या भागाला. चालतं.

परवाना खरंच काढायचा असेल तर

आर्म्स ॲक्टचं कलम 13 वाचा, बहुतेक लोकांना माहीतच नाही की त्यात पिकाचं नाव घेऊन लिहिलंय, खऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. वय एकवीस पूर्ण. अर्ज फॉर्म ए-1, शस्त्र परवान्याच्या पोर्टलवर भरून जिल्हाधिकारी कार्यालयात. सोबत सातबारा, आठ-अ, ओळख आणि राहण्याचा पुरावा, डॉक्टरचं सर्टिफिकेट, बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट, बंदूक सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र. वनविभागाकडे केलेल्या नुकसानीच्या तक्रारी, पंचनामे, फोटो, हे सगळं तारखेप्रमाणे लावा, कारण खरी गरज याच कागदांवरून दिसते. माझा पहिला अर्ज एका कार्यालयात दीड वर्ष पडून होता कारण मी पोच घेतली नव्हती, सापडतच नाही म्हणाले. पोच घ्या, तिच्यावर शिक्का आणि तारीख पाहा.

मग पोलीस चौकशी. ठाण्याचा अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय घेता येतो असं कायद्यातच आहे, स्मरणपत्रात त्या कलमाचा उल्लेख करा, नम्रपणे. जमीन कमी आहे, मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने नाकारता येत नाही. नाकारलं तर लेखी कारण मागा आणि तीस दिवसांत अपील करा. फौजी भावांनी पोस्टिंगच्या ठिकाणी परवाना काढला असेल तर रिटायर होऊन गावी आल्यावर आपल्या जिल्ह्यात नोंदवून घ्यावा, बँकेत गार्डची नोकरी धरताना हेच अडतं.

परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नाही, हे दोन वेगळे कागद आहेत. रानडुक्कर आणि रोही 2022 च्या दुरुस्तीनंतर अनुसूची 2 मध्ये आहेत, उभ्या पिकाला धोका असेल तर वनविभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, रेंज ऑफिसला अर्ज करा. तोवर बार हवेत. कुंपणात लाईनचा करंट सोडू नका, दरवर्षी त्यात माणसं मरतात, बहुतेक वेळा शेजारचा किंवा आपल्याच घरचा. सौर कुंपणाला जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं, आम्ही तेच केलं आणि खरं सांगायचं तर डुकरं बंदुकीपेक्षा त्याने जास्त थांबली.

एक गोष्ट हळू आवाजात सांगावी लागते. घरात कोणी मनाने खचलेलं असेल, कर्जाने, आजाराने, भांडणाने, तर बंदूक त्या घरात ठेवू नका. ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा ठेवता येते, लाज वाटायचं काही नाही त्यात. फवारणीच्या औषधाचे डबेही त्याच कुलपात जाऊ द्या. आम्ही आमच्या एका सोबत्याची बंदूक तो स्वतः म्हणाला म्हणून दोन वर्षं जमा ठेवली होती, आता तो बरा आहे, शंकरपटात बैल पळवतो.

यंदाच्या दिवाळीचा विषय ठरला आहे. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात, 2024 ला विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं, म्हणजे तूर फुलावर, हरभरा उगवून वर आलेला, आणि बंदूक ठाण्यात. फौजी मित्र म्हणतो पीकवाल्यांना सूट द्या, नागपूरवाला म्हणतो नको, त्याच दिवसांत गावात डोकी तापलेली असतात. येणाऱ्याने आपापल्या जिल्ह्याच्या आदेशाची प्रत घेऊन यावी, चष्मा आणावा, आणि छर्ऱ्याचा एक डबा.